ईम गावाचा प्लेग आणि पॅरिशचे दप्तर: काही शंका

पानापानांतून

नमस्कार.

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम या लहान गावाविषयी मी सध्या वाचत आहे. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये या गावाने स्वतःला बाहेरच्या जगापासून तोडून घेतले आणि साथ शेजारच्या गावांत पसरू दिली नाही, ही हकिकत अनेकांनी ऐकलेली असेल. माझे कुतूहल त्या हकिकतीपेक्षा तिच्यामागच्या कागदांविषयी अधिक आहे. शिशाच्या खाणींवर आणि मेंढ्यांवर जगणाऱ्या एका डोंगराळ खेड्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणत्या दिवशी कोणाला पुरले, हे आज नावानिशी सांगता येते, याचे मला राहून राहून नवल वाटते. या माहितीचे श्रेय सर्वत्र पॅरिशच्या नोंदवहीला दिलेले आढळते. पण पॅरिश म्हणजे नेमकी कशी व्यवस्था होती, हे मात्र कोणी नीट उलगडून सांगत नाही. ती चर्चची होती की सरकारची? गाव आणि पॅरिश या दोहोंची शीव एकच असे का?

दुसरी शंका आकड्यांविषयी आहे. काही लेखक म्हणतात की गावात ३५० माणसे होती आणि त्यांपैकी केवळ ८३ वाचली. इतर काही जण लोकसंख्या ८०० च्या आसपास असल्याचे सांगतात. मृतांचा आकडा दोघेही साधारण २६० च्या घरात धरतात. म्हणजे एका हिशेबाने गावाचा तीन-चतुर्थांश भाग नाहीसा झाला, तर दुसऱ्या हिशेबाने एक-तृतीयांश. नोंदवही एकच असताना इतकी तफावत कशी पडते?

आणि शेवटचे म्हणजे, रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री, विल्यम मॉम्पेसन याच्या सांगण्यावरून सर्व गाव स्वखुशीने कोंडून घ्यायला तयार झाले, हे कितपत खरे मानावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

जुने दप्तर

पॅरिशविषयी तेवढे मी लिहितो; प्लेगचा भाग इतरांसाठी ठेवतो.

पॅरिश चर्चची की सरकारची, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. मुळात, ज्या जमिनीचा दशमांश एका ठरावीक चर्चला द्यावा लागे, तेवढी जमीन म्हणजे त्या चर्चची पॅरिश. धान्य, लोकर, कोकरे, गवत, मध अशा उत्पन्नाचा दहावा वाटा पाद्र्याच्या निर्वाहासाठी जाई, आणि हा वाटा कोणाच्या कोठारात पडायचा यावरून तंटे होत असल्यामुळे पॅरिशच्या सीमा फार काटेकोरपणे जपल्या जात. वर्षातून एकदा, स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास, पाद्री आणि गावकरी मिळून शिवेवरून फेरी मारीत आणि खुणेचे दगड, झाडे, ओढे पोरांना दाखवून ठेवीत, म्हणजे पुढे वाद उद्भवला तर साक्ष देणारे कोणी तरी जिवंत असेल. सीमेवरून फिरण्याची ही प्रथा काही पॅरिशांनी आजही टिकवली आहे.

रेक्टर आणि व्हिकर यांतला भेदही या दशमांशावरूनच आला आहे. संपूर्ण दशमांशावर ज्याचा हक्क असे, तो रेक्टर. जिथे मध्ययुगात एखाद्या मठाने हा हक्क आपल्याकडे घेतला, तिथे धान्याचा मोठा वाटा मठाला जाई आणि प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या व्हिकरच्या पदरात किरकोळ उत्पन्न पडे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त केले तेव्हा हे मोठे वाटे बहुतांशी खासगी जमीनदारांच्या हाती गेले. ईमला रेक्टर होता, आणि तिथल्या दशमांशात शिशाच्या कच्च्या धातूचाही समावेश होता. त्यामुळे अठराव्या शतकात खाणी भरभराटीला आल्यावर या आडगावचे रेक्टरपद चांगलेच किफायतशीर ठरले. त्या काळचा रेक्टर थॉमस सीवर्ड काही वर्षांनी लिचफील्ड या शहरात जाऊन राहिला आणि ईममधले रोजचे काम दुय्यम पाद्र्यावर आले. कवयित्री ॲना सीवर्ड ही त्याचीच मुलगी. तिचा जन्म १७४२ मध्ये ईममध्ये झाला.

आता सरकारी बाजू पाहू. सोळाव्या शतकात ट्यूडर राजवटीला गावपातळीपर्यंत पोहोचणारी यंत्रणा हवी होती आणि अशी एकच यंत्रणा देशभर तयार होती, ती म्हणजे पॅरिश. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करावी असा हुकूम काढला. हा नव्या कराचा डाव असावा, असा संशय लोकांना तेव्हा आला होता. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची डागडुजी पॅरिशवर सोपवली आणि रहिवाशांना वर्षातले चार दिवस त्यासाठी राबणे भाग पडले. पुढे त्याचे सहा दिवस झाले. १५९८ मध्ये नोंदी चर्मपत्रावर ठेवण्याचा आणि त्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशकडे आली आणि त्यासाठी रहिवाशांकडून पट्टी वसूल करणारे पर्यवेक्षक दरवर्षी नेमले जाऊ लागले.

ही शेवटची गोष्ट इतिहासलेखकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली, असे माझे मत आहे. गरिबाला पोसायचे तर तो आपल्या पॅरिशचा आहे की शेजारच्या, हे आधी ठरवावे लागे. १६६२ च्या कायद्यानुसार बाहेरून आलेला माणूस वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत राहत असेल आणि पुढे पॅरिशवर त्याचा भार पडेल अशी शंका असेल, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येई. मग त्याचा जबाब घेतला जाई: जन्म कोठे झाला, कोणाकडे वर्षभर चाकरी केली, हुन्नर शिकण्यासाठी उमेदवारी कोठे केली, लग्न कोणाशी झाले. अविवाहित गरोदर स्त्रीला मुलाच्या बापाचे नाव विचारले जाई, कारण त्या मुलाचा खर्च कोणाकडून तरी वसूल करायचा असे. हेतू सरळ सरळ पैसे वाचवण्याचा होता आणि अनेकदा तो निर्दयपणे अमलात आणला गेला. तरीही ज्यांच्याविषयी अन्यथा एक ओळही लिहिली गेली नसती अशा मोलकरणी, मजूर आणि भटके विणकर यांची चरित्रे या जबाबांतूनच आपल्यापर्यंत आली आहेत.

हे सर्व कागद चर्चमधल्या एका भक्कम पेटीत असत. १६०३ च्या नियमांनुसार त्या पेटीला तीन कुलुपे असायची. एक किल्ली पाद्र्याकडे आणि उरलेल्या दोन दोघा चर्चवॉर्डनांकडे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावच्या प्रतिनिधींकडे), म्हणजे तिघे जमल्याखेरीज पेटी उघडू नये.

पुढे १८३४ मध्ये गरिबांचा कारभार अनेक पॅरिशांच्या संयुक्त मंडळांकडे गेला, १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि १८९४ च्या कायद्याने चर्चच्या सभेकडे, म्हणजे पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या सभेकडे, उरलेले लौकिक अधिकार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलला मिळाले. आज चर्चची पॅरिश आणि नागरी पॅरिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही.

---

शिवार

ईमच्या घटनाक्रमावर आणि आकड्यांवर मी लिहितो.

सर्वमान्य हकिकतीनुसार १६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून कापडाचे एक गाठोडे गावातल्या शिंप्याकडे आले. कापड ओलसर होते म्हणून जॉर्ज व्हिकर्स या त्याच्या कारागिराने ते शेकोटीपुढे वाळत घातले, आणि त्यातल्या पिसवांमुळे प्लेग गावात शिरला. व्हिकर्सचे दफन ७ सप्टेंबर १६६५ रोजी झाले. शरद ऋतूत मृत्यू वाढले, हिवाळ्यात मंदावले आणि जून १६६६ पासून पुन्हा झपाट्याने सुरू झाले. कोंडून घेण्याचा निर्णय या दुसऱ्या लाटेच्या वेळचा आहे, पहिल्या मृत्यूनंतरचा नव्हे, हे अनेक लेखांत निसटून जाते.

निर्णयामागे पाद्री एक नव्हे, दोन होते. मॉम्पेसन १६६४ मध्ये रेक्टर म्हणून आला तेव्हा विशीतला तरुण होता आणि गावाला तो फारसा रुचला नव्हता. त्याच्या आधीचा थॉमस स्टॅन्ली प्युरिटन मताचा, म्हणजे चर्चमधले जुने विधी काढून साधी उपासना हवी म्हणणाऱ्यांपैकी होता. यादवी युद्धानंतरचे प्रजासत्ताक संपून राजसत्ता परत आल्यावर १६६२ च्या एकरूपता कायद्यानुसार नवी प्रार्थनापोथी मान्य करण्यास नकार दिल्यामुळे त्याला पद गमवावे लागले होते, पण गावाचा मोठा भाग अजून त्यालाच मानत होता. या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून एकत्र उभे राहणे ही या प्रकरणातली मला सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट आहे. एकट्या मॉम्पेसनचे कोणी ऐकले असते, असे वाटत नाही.

मग पुढीलप्रमाणे व्यवस्था ठरली. मृतांना चर्चच्या आवारात न नेता घरच्यांनीच आपल्या बागेत किंवा शेतात पुरावे. चर्चमध्ये दाटीने बसण्याऐवजी ककलेट डेल्फ नावाच्या जवळच्या घळीत उघड्यावर प्रार्थना व्हावी. गावाबाहेर कोणी जाऊ नये आणि आत कोणी येऊ नये. शेजारच्या स्टोनी मिडल्टन गावाच्या बाजूला शिवेवर एक दगड आहे. त्यातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवली जात आणि शेजारचे लोक त्या बदल्यात अन्न ठेवून जात. चॅट्सवर्थचा सरदार अर्ल ऑफ डेव्हनशायर यानेही रसद पुरवली. ऑगस्ट १६६६ हा सर्वांत भीषण महिना होता. गावापासून जरा दूर, रायली नावाच्या शेतावर राहणाऱ्या एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले गमावली आणि त्यांना तिने स्वतःच्या हातांनी पुरले. त्या कबरी आजही तिथे आहेत. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन त्याच महिन्यात, २५ तारखेच्या सुमारास वारली. मुलांना त्याने आधीच यॉर्कशायरला पाठवले होते. नोव्हेंबरच्या आरंभी साथ संपली.

आता आकड्यांकडे येऊ. मॉम्पेसनने २० नोव्हेंबर १६६६ रोजी लिहिलेल्या पत्रात आपल्या पॅरिशमधील ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि त्यांतील २५९ माणसे मेली, असे नमूद केले आहे. मृतांच्या संख्येविषयी म्हणूनच फारसा वाद नाही. वाद भाजकाचा आहे. नोंदवही मेलेल्यांची यादी देते, जिवंतांची नाही. एकूण माणसे किती होती हे तिच्यातून थेट कळतच नाही. ते काढायचे तर चुलीवरच्या कराच्या याद्यांसारखे वेगळे कागद लागतात. हा कर १६६२ मध्ये सुरू झाला आणि दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग आकारला जाई. अशा साधनांच्या आधारे अलीकडे लोकसंख्या बरीच अधिक धरली जाते. ३५० हा जुना आकडा कोठून आला असावा, याविषयी माझा एक तर्क आहे: ७६ कुटुंबांना घरटी साडेचार माणसे धरली तर बेरीज ३४२ येते. म्हणजे तो आकडा रोग शिरलेल्या घरांपुरता असावा आणि पुढे तोच संपूर्ण गावाचा म्हणून रूढ झाला असावा. हा केवळ तर्क आहे, पुरावा नव्हे.

नोंदवहीविषयीही एक सावधगिरी बाळगावी. ती ज्या रूपात उपलब्ध आहे ती नंतर केलेली नक्कल आहे, साथ चालू असताना दिवसागणिक लिहिलेले मूळ पान नव्हे. शिवाय दफने शेतांत आणि परसांत होत असताना प्रत्येक मृत्यूची वार्ता रेक्टरपर्यंत त्याच दिवशी पोहोचत होती, असे गृहीत धरता येणार नाही.

राहिला स्वखुशीचा प्रश्न. मला ही कथा जरा जास्तच उजळलेली वाटते. ज्यांना जाणे शक्य होते त्यांपैकी काही जण हा निर्णय होण्याआधीच निघून गेले होते. उरले ते मुख्यतः ज्यांना जाण्यासाठी दुसरी जागा नव्हती असे लोक. वीरत्वाचा जो रंग आज या प्रसंगाला आहे, तो बराचसा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी चढवलेला आहे. १८६६ मध्ये द्विशताब्दी साजरी झाली, आणि आता दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये स्मरणार्थ प्रार्थना होते.

---

टिपणकार

'शिवार' यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्णपणे सहमत नाही.

१६०४ च्या प्लेगविषयक कायद्याने लागण झालेल्या घरांना बंद करण्याचे अधिकार दंडाधिकाऱ्यांना आणि शहरांच्या अधिकाऱ्यांना दिले होते. अंगावर गाठ असलेला रुग्ण मनाई मोडून लोकांत मिसळला तर तो गंभीर गुन्हा ठरे. रोग झालेल्यांच्या पोषणासाठी आसपासच्या पाच मैलांतील रहिवाशांवर कर बसवण्याची तरतूदही त्यात होती. परंतु हा कायदा रुग्णांना आणि रोग शिरलेल्या घरांना उद्देशून होता. ज्या घरात कोणी आजारी नाही अशा घरातल्या धडधाकट माणसाला गाव सोडू नकोस असे सांगण्याचा अधिकार पाद्र्याला त्यातून मिळत नव्हता. तेव्हा पदच्युत प्युरिटन आणि नवखा रेक्टर यांच्या शब्दाखेरीज लोकांना थांबवणारे दुसरे बळ गावात नव्हते, ही गोष्ट उरतेच. गरिबीमुळे थांबणे आणि समजून-उमजून थांबणे ही दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात असू शकतात. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

मॉम्पेसनच्या पुढच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे नोंदवण्यासारखा आहे. १६६९ मध्ये तो नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे रेक्टर म्हणून गेला, तेव्हा प्लेगच्या गावातून आलेला पाद्री म्हणून तिथल्या लोकांनी त्याला आरंभी गावात राहू दिले नाही आणि त्याला बाहेर उघड्यावर प्रार्थना घ्याव्या लागल्या, असे तिथे परंपरेने सांगितले जाते. साथ संपून तीन वर्षे झाली होती. भीती किती खोल होती याचा यावरून अंदाज येतो, आणि त्या भीतीच्या पार्श्वभूमीवर ईमचे लोक शिवेच्या आत राहिले.

---

पानापानांतून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'शिवार' यांचा ७६ कुटुंबांचा हिशेब पाहून बरेच उलगडले.

गाव आणि पॅरिश यांच्या सीमांचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटला नाही. शिवाय १५३८ पूर्वी नोंदवहीच नसेल, तर त्याआधीच्या खेड्यांचा इतिहास कशावरून लिहितात? डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनीच्या पाहणीच्या वहीत, १०८६ साली ईमचा उल्लेख आहे, एवढे मला ठाऊक आहे. पण त्यानंतरची साडेचारशे वर्षे अगदीच रिकामी असतील, असे वाटत नाही.

---

मातीखालचे

ती वर्षे रिकामी नाहीत. फक्त साधने बदलतात. जमीनदाराच्या न्यायसभेची कामकाजपत्रे, कराच्या याद्या, मृत जमीनदाराच्या मालमत्तेच्या चौकश्या आणि जिथे खेडे ओसाड पडले तिथे खुद्द जमीन. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतील असे गाव म्हणजे यॉर्कशायरच्या वोल्ड्स टेकड्यांमधले व्हॅरम पर्सी.

हे गाव सुमारे १५०० पर्यंत उठले, म्हणजे ओसाड पडले. चौदाव्या शतकातील महामारीने ते संपले असा सर्वसाधारण समज असतो, पण महामारीनंतरही दीड शतक तिथे माणसे राहत होती. लोकसंख्या घटल्यामुळे धान्याचे भाव पडले आणि मजुरी वाढली, तेव्हा नांगरटीपेक्षा लोकर जमीनदारांना अधिक फायद्याची ठरू लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उरलीसुरली कुळेही हटवली गेली आणि शेतांची कुरणे झाली. घरांच्या जोत्यांचे उंचवटे आणि मधली पायवाट गवताखाली अजून स्पष्ट दिसते. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन चालले. मध्ययुगीन खेड्याचा इतका दीर्घ आणि चिकाटीचा अभ्यास इंग्लंडमध्ये क्वचितच झाला असेल.

आता सीमांचा मुद्दा. व्हॅरम पर्सीच्या पॅरिशमध्ये एकटे व्हॅरम पर्सी नव्हते. थिक्सेंडेल, बर्डेल, रेस्थॉर्प आणि टोथॉर्प या वस्त्याही त्याच चर्चशी बांधलेल्या होत्या. त्यामुळे मूळ गाव नाहीसे झाले तरी पॅरिश संपली नाही. सेंट मार्टिनचे चर्च निर्जन दरीत उभे राहिले आणि थिक्सेंडेलचे लोक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांसाठी तीन मैल चालत तिथे येत राहिले. माणसे कमी होत गेली तसे चर्चही आकसले. बाजूच्या दालनांच्या कमानी भिंती घालून बुजवल्या गेल्या आणि दालने पाडली गेली. ही बुजवलेली कमान हाताने चाचपता येते, आणि एखाद्या जनगणनेइतकीच ती बोलकी आहे. थिक्सेंडेलला स्वतःचे चर्च मिळाले ते १८७० मध्ये, आणि जुन्या चर्चमधील नियमित प्रार्थना १९४९ पर्यंत चालू होत्या. म्हणजे गाव उठल्यानंतर साडेचारशे वर्षे पॅरिश जिवंत होती. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांत एका पॅरिशमध्ये अनेक वस्त्या असणे हाच नियम होता. दक्षिणेत आणि मध्य इंग्लंडमध्ये एक गाव आणि एक पॅरिश अशी जोडी अधिक आढळते. ईमच्या पॅरिशमध्येही फूलोसारख्या लहान वाड्या होत्याच.

लेखी नोंदी नसलेल्या काळाविषयी तिथल्या दफनभूमीने बरेच सांगितले आहे. जवळजवळ सातशे सांगाडे अभ्यासले गेले. बालकांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून असे दिसले की मुलांना सुमारे दीड वर्षाचे होईपर्यंत अंगावर पाजले जात असे. सांध्यांचे विकार आणि खुंटलेली वाढ यांच्या खुणाही सापडल्या. कोणत्याही कारकुनाने किंवा पाद्र्याने हे लिहून ठेवले नसते, कारण त्यावरून ना दशमांश ठरत होता, ना गरीबपट्टी. उलट, यांपैकी एकाही सांगाड्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. एलिझाबेथ हॅनकॉकच्या मुलांची नावे मिळतात, पण ती काय खात होती हे कळत नाही; व्हॅरम पर्सीत नेमके उलट आहे.

---

जुने दप्तर

'मातीखालचे' यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. आपण पुढे प्रत्यक्ष कागद पाहणार असाल असे गृहीत धरून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

डर्बीशायरमधील पॅरिशांची जुनी दप्तरे आता मॅटलॉक येथील परगण्याच्या अभिलेखागारात ठेवली जातात. बिशपकडे पाठवलेल्या नकला आणि मृत्युपत्रे यांचा माग काढताना मात्र लक्षात ठेवावे की १८८४ पर्यंत हा परगणा लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होता. त्यामुळे मॅटलॉकमध्ये शोधून हाती काही लागले नाही तर मोहरा लिचफील्डच्या संग्रहाकडे वळवावा. चुलीवरच्या कराचे कागद लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथेच १८३६ च्या कायद्यानंतर दशमांशाचे रोख रकमेत रूपांतर करताना काढलेले नकाशेही आहेत. त्यांत प्रत्येक शेताला क्रमांक असून सोबतच्या तक्त्यात मालक, कूळ, क्षेत्र आणि पीक यांची नोंद असते. इंग्लंड आणि वेल्सचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या नकाशांनी व्यापला आहे. जिथे कुंपणबंदीच्या, म्हणजे सामाईक शेते वाटून कुंपण घालण्याच्या, वेळीच दशमांशाऐवजी जमीन देऊन हक्क मिटवला गेला होता, तिथे असा नकाशा सहसा मिळत नाही, आणि मध्य इंग्लंडच्या अनेक गावांची हीच स्थिती आहे.

तारखांबाबत फार जपावे लागते. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. वर्ष जानेवारीपासून धरले तर राजा पहिला चार्ल्स याला ३० जानेवारी १६४९ रोजी देहदंड झाला, पण तत्कालीन कागदांत ते वर्ष १६४८ असे आढळते. ईमच्या नोंदवहीत फेब्रुवारी १६६५ असे दिसले तर ते साथीच्या आधीचे पान नव्हे, साथीच्या ऐन मध्यावरचे आहे. हे ध्यानात घेतले नाही तर हिवाळ्यातले मृत्यू व्हिकर्सच्या आधी जाऊन बसतात आणि सगळा क्रम बिघडतो.

नोंदवहीत कोण नाही, हेही पाहावे. तिच्यात जन्म नव्हे तर बाप्तिस्मा नोंदलेला असतो, म्हणून बाप्तिस्म्याआधी दगावलेली बालके निसटतात. क्वेकर आणि इतर भिन्नमतवादी आपल्या नोंदी वेगळ्या ठेवीत. १६४२ ते १६६० या यादवी युद्धाच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात पुष्कळ पॅरिशांची पाने तुटक आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि अकिंचन म्हणून नोंद झाल्यास तो माफ होई. त्यामुळे त्या वर्षांत एखाद्या गावात अकिंचनांची संख्या अचानक वाढलेली दिसली, तर गाव दरिद्री झाले असा निष्कर्ष लगेच काढू नये.

ईमपुरते सांगायचे तर पॅरिशच्या दप्तराबरोबर शिशाच्या खाणींची बारमोट नावाची न्यायसभा अवश्य पाहावी. खाणीचा हक्क कोणाचा, धातूचे माप कसे घ्यायचे, सोडून दिलेली खाण दुसऱ्याने कधी ताब्यात घ्यावी, हे वाद चर्चच्या सभेत येत नसत. खाणकामगारांच्या पंचांपुढे ते चालत आणि ईम व स्टोनी मिडल्टन यांची अशी सभा स्वतंत्र होती. प्लेगनंतर शंभर वर्षांत ज्या धातूवर गाव पुन्हा उभे राहिले, त्याचे बरेचसे हिशेब त्या कागदांत सापडतील.